गाळलेली ओळ की विसरलेली?

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीत काम करणाऱ्या कुठल्याही संगणक अभियंत्यासमोर ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ हे दोन शब्द उच्चारले, की त्याच्या कपाळावर आठी उमटते. शुक्रवारी संध्याकाळी घरी निघायच्या वेळी हमखास उपटणारी ही कटकट. आरोग्याच्या सदरात तिला जागा द्यायचे कारण असे, की नेमकी हीच कटकट रोज प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर घडत असते. फक्त तिथे ती कुणाला दिसत नाही. संगणकवाल्यांना ती दिसते, कारण त्यांचे सॉफ्टवेअर अशा वेळी थांबते आणि माणसाला बोलावते. औषधांच्या बाबतीत थांबणारे कुणी नसते.

आधी कटकट समजून घेऊ. संगणकाचा प्रोग्राम म्हणजे शेवटी मजकूरच असतो, हजारो ओळींचा. एकाच प्रोग्रामवर दहा-वीस माणसे एका वेळी काम करतात. प्रत्येकजण मूळ मजकुराची आपली प्रत घेतो, तीत बदल करतो आणि काम झाले की ती प्रत मूळ मजकुरात मिसळायला आणतो. या मिसळण्याला ‘मर्ज’ म्हणतात. एकाने चाळिसावी ओळ बदलली आणि दुसरीने नऊशेवी, तर सॉफ्टवेअर दोन्ही बदल मुकाट्याने घेते. पण दोघांनीही चाळिसावीच ओळ बदलली, आणि वेगवेगळी बदलली, तर ते थांबते. त्या जागी दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडते, वर-खाली आणि मध्ये ठळक खुणा करते आणि कुठला मजकूर कुठून आला हेही लिहिते. माणसाने त्या खुणा काढून योग्य तो मजकूर ठेवेपर्यंत मिसळणे पुरे होत नाही. योग्य मजकूर कधी पहिल्याचा असतो, कधी दुसरीचा, आणि बऱ्याचदा दोघांचाही नसतो. तिसराच लिहावा लागतो.

ही व्यवस्था एका दिवसात आली नाही. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी तयार केलेल्या ‘आरसीएस’ या प्रणालीत कुलूप होते. एखादी फाइल बदलायला घेतली, की ती तुमच्या नावे कुलूपबंद. तुम्ही परत करेपर्यंत बाकीच्यांनी वाट पाहायची. भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता, पण कुलूप लावून माणूस रजेवर गेला तर सगळे काम ठप्प. पुढे ॲमस्टरडॅममधले प्राध्यापक डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका प्रकल्पावर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याला वेळकाळाचे बंधन नाही, आणि स्वतः ग्रून यांना फक्त संध्याकाळी सवड. कुलूप परवडेना. त्यातून 1986मध्ये ‘सीव्हीएस’ लोकांसमोर आली. सगळ्यांनी एकाच वेळी लिहा, भांडण झालेच तर मिसळताना सोडवा, असा तिचा खाक्या होता. एप्रिल 2005मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ लिहिले आणि आज जगातले बहुतेक प्रोग्राम त्याच्यावर जगतात.

रुग्णाच्या औषधांची यादीही याच वाटेने आली आहे. चाळीस वर्षांपूर्वी ती यादी गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे कुलूपबंद होती. गोळी वाढवणारे तेच, बंद करणारे तेच. त्याचे तोटेही होते; एका माणसाला जेवढे माहीत, तेवढाच उपचार. आता मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, हाडांचे वेगळे, शिवाय औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली दुखीची गोळी. एकाच यादीवर चौघेजण एकाच वेळी लिहितात. कुलूप परत आणा असे कुणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. पण कुलूप काढताना संगणकवाल्यांनी त्याच्या जागी जे बसवले, ते वैद्यकाने बसवलेच नाही.

समजा, एक 68 वर्षांच्या आजी आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन 40, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, थायरॉइडची गोळी, आणि चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवल्यामुळे ॲस्पिरिन. गुडघा बदलायचे ठरते. ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी त्यांचे नेहमीचे डॉक्टर रक्तदाब चढलेला पाहून टेल्मिसार्टन 80 करतात. रुग्णालयात भरती होताना मात्र मुलगा जुना कागद दाखवतो, त्यावर 40 असते. ऑपरेशननंतर रक्तदाब उतरतो म्हणून तिथले डॉक्टर ती 20 करतात. घरी आल्यावर दोन कागद: एकावर 80, दुसऱ्यावर 20. कार्डावर याशिवाय प्रतिजैविक, दुखीची गोळी, पित्ताची गोळी, कॅल्शियम आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही आठवड्यांसाठी दिलेले औषध. मेटफॉर्मिन नाही. थायरॉइडची गोळी नाही. ॲस्पिरिन नाही.

80 की 20, हे सरळसरळ ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ आहे आणि त्यातल्या त्यात सोपे आहे, कारण निदान डोळ्यांना दिसते. उत्तर दोन्ही कागदांवर नसेलही. आज रक्तदाब किती आहे ते मोजून तिसराच आकडा लिहावा लागेल. खरा घोळ आहे तो न लिहिलेल्या तीन औषधांचा. ॲस्पिरिन बहुधा मुद्दाम थांबवले असेल, कारण गुठळ्यांच्या औषधाबरोबर ते घेतले तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. मग ते पुन्हा कधी सुरू करायचे? स्टेंट असलेल्या माणसाला ते कायमचे बंद होणे धोक्याचे. मेटफॉर्मिन ऑपरेशनपुरते थांबवून इन्सुलिन दिले असेल आणि पुन्हा लिहायचे राहिले असेल. थायरॉइडची गोळी बंद करायचे तर काहीच कारण दिसत नाही. ती लिहायची राहिली असणार. पण घरचे म्हणतात, “मोठ्या डॉक्टरांनी लिहिली नाही, म्हणजे बंद केली असेल.” ती बंद झाल्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि तोवरचा थकवा ऑपरेशनच्या नावावर खपून जातो.

इथे गिटची एक रीत मुळापासून पाहण्यासारखी आहे. ते मिसळताना दोन प्रती समोरासमोर ठेवून थांबत नाही. तिसरीही प्रत काढते. ही तिसरी प्रत म्हणजे दोघे वेगळे होण्यापूर्वीचा समान मजकूर. फक्त दोनच प्रती असतील आणि एक ओळ एकीत आहे, दुसरीत नाही, तर ती एकाने नव्याने घातली की दुसऱ्याने काढून टाकली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. जुनी प्रत हाताशी असेल तर लगेच कळते. तिच्यात ओळ होती, म्हणजे कुणीतरी काढली. नव्हती, म्हणजे कुणीतरी घातली.

यातही एक बारकावा आहे, आणि वैद्यकाने शिकण्यासारखे सगळ्यात जास्त याच बारकाव्यात आहे. गिटमध्ये प्रत्येकाची प्रत जुन्या पूर्ण मजकुरापासून सुरू होते. ती कोऱ्या कागदावर कुणी लिहीत नाही. म्हणून तिच्यात एखादी ओळ नसेल, तर ती कुणीतरी हाताने पुसलेली असते. न लिहिण्यालाही अर्थ असतो. डिस्चार्ज कार्ड मात्र कोऱ्या कागदावर सुरू होते. रात्री दोन वाजता, पाचवे कार्ड लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला त्या क्षणी जे आठवते ते त्यावर उतरते. अशा यादीतल्या गैरहजेरीला काही अर्थ नसतो. तरीही रुग्ण तिला अर्थ देतो, कारण त्याला तसे करण्यावाचून गत्यंतर नसते.

गिटमध्ये प्रत्येक बदलाबरोबर एक चिठ्ठीही जोडलेली असते: कुणी केला, कधी केला, कशासाठी केला. कुठली ओळ कुणी लिहिली हे शोधणाऱ्या आज्ञेचे नावच ‘ब्लेम’ आहे. नाव भांडकुदळ असले तरी जाणती माणसे ती आज्ञा दोष देण्यासाठी क्वचितच वापरतात. ‘कशासाठी’ हे वाचण्यासाठी वापरतात. ‘ॲस्पिरिन थांबवले, कारण गुठळ्यांचे औषध चालू, ते संपल्यावर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सुरू करावे’ एवढी एक ओळ आजींच्या कार्डावर असती, तर पुढचा डॉक्टर अंदाज बांधत बसला नसता.

वैद्यकाला हे माहीत नाही असे मुळीच नाही. भरती होताना, वॉर्ड बदलताना आणि घरी जाताना औषधांच्या याद्या ताडून पाहण्याला इंग्रजीत ‘मेडिकेशन रिकन्सिलिएशन’ असे भारदस्त नाव आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने 2005मध्ये ते रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत घातले, योगायोग असा, की गिट जन्मले तेच साल. जागतिक आरोग्य संघटनेने 2017मध्ये ‘औषधोपचार, पण अपाय नको’ अशा अर्थाची मोहीम सुरू केली. तिच्या तीन मुख्य मुद्द्यांपैकी एक होता एका ठिकाणच्या उपचारातून दुसऱ्या ठिकाणी जाताना होणारा घोळ, आणि दुसरा एकाच माणसाला असलेल्या अनेक गोळ्या. तत्त्व कागदावर आहे. आपल्याकडच्या बहुतेक वॉर्डांत त्यासाठी ना रकाना आहे, ना माणूस.

मात्र संगणकवाल्यांची वाहवा एका मर्यादेपर्यंतच करावी. गिट ओळी जुळवते, ओळींचा अर्थ त्याला कळत नाही. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या, तर ते बिनतक्रार मिसळते आणि ‘झाले’ असे सांगते. पण त्या दोन बदलांनी मिळून प्रोग्रामची वाट लागलेली असू शकते. फेब्रुवारी 2014मध्ये ॲपलच्या फोन आणि संगणकांत सापडलेली चूक प्रसिद्ध आहे. ‘गोटू फेल’ ही ओळ एकदा हवी होती, ती लागोपाठ दोनदा आली होती. तेवढ्याने सुरक्षित जोडणी तपासण्याचा महत्त्वाचा टप्पाच ओलांडला जात होता आणि मध्येच बसलेल्या लबाडाला खऱ्या संकेतस्थळाचे सोंग घेता येत होते. ती जास्तीची ओळ दोन प्रती मिसळताना आली असावी, असा तर्क तेव्हा अनेक अभियंत्यांनी केला. ॲपलने दुरुस्ती दिली, पण ओळ कशी आली ते सांगितले नाही.

दोनदा आलेली ओळ हा आपल्याकडे तर रोजचाच प्रकार. एकच औषध डझनावारी कंपन्यांच्या नावांनी मिळते. एका डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची साधी गोळी दिलेली असते, दुसऱ्यांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. पाकिटांचे रंग वेगळे, नावे वेगळी. म्हातारा माणूस दोन्ही घेतो आणि पहाटे साखर उतरून घामाघूम होतो. ओळी वेगळ्या, म्हणून ‘कॉन्फ्लिक्ट’ नाही. याहून कपटी प्रकार तीन गोळ्यांचा. रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ शेवट असलेली गोळी, सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. तीन ओळी, तीन डॉक्टर. प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर. एकत्र आल्या, त्यात उन्हाळा किंवा जुलाब असले, की मूत्रपिंड एका आठवड्यात मान टाकू शकते. इंग्रजीत या त्रिकुटाला ‘ट्रिपल व्हॅमी’ म्हणतात.

म्हणून शहाणे अभियंते मिसळून झाले की चाचण्या चालवतात. सॉफ्टवेअर ‘झाले’ म्हणाले म्हणून कुणी ते तसेच गिऱ्हाइकाला देत नाही. रुग्णाच्या बाबतीत या चाचण्या म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, घरी मोजलेला रक्तदाब, उपाशीपोटीची साखर. यादी बदलली की या तपासण्यांची तारीखही त्याच कागदावर हवी. संगणकाला आणखी एक सवलत आहे, ती आपल्याला नाही. भांडणाच्या खुणा चुकून तशाच राहिल्या, तर प्रोग्राम बहुधा चालतच नाही. चूक लगेच उघडी पडते. परस्परविरोधी डिस्चार्ज कार्ड मात्र छान चालते. औषधाचा दुकानदार त्यावरच्या सगळ्या गोळ्या देतो.

आता वळू डिजिटल नोंदींकडे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात 27 सप्टेंबर 2021 रोजी झाली आणि ‘आभा’चा चौदा आकडी क्रमांक आता केसपेपरच्या खिडकीवरही विचारला जातो. त्याची रचना मुळात समजूतदार आहे: नोंदी ज्या त्या रुग्णालयात राहतात, रुग्णाच्या संमतीने दुसऱ्याला पाहता येतात. पण पाच ठिकाणचे पाच कागद एका पडद्यावर दिसले, म्हणजे औषधांची एक यादी झाली असे नव्हे. ते झाले पिशवीतले कागद टेबलावर मांडण्यासारखे. मिसळण्याचे काम उरतेच, आणि तिथेच मोह आहे. कुणीतरी सॉफ्टवेअर विकायला येईल आणि म्हणेल, आमची प्रणाली सगळ्या याद्या आपोआप एक करून देते, डॉक्टरांना काही करावे लागत नाही.

असे सॉफ्टवेअर घेऊ नये. ‘आपोआप’चा अर्थ बहुतेक वेळा ‘शेवटी लिहील त्याचे खरे’ असा असतो, आणि आजींच्या उदाहरणात शेवटी लिहिणाऱ्याला 80 झाल्याचे माहीतच नव्हते. गिटमध्येही ‘भांडण झाले तर आमचेच ठेव’ असे सांगण्याची सोय आहे. घाईत ती वापरणारे दुसऱ्याचे आठवड्याचे काम एका कळीने पुसतात. गंमत म्हणजे, ‘रीबेस’ या प्रकाराने मिसळताना ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ या शब्दांचे अर्थ उलटे होतात आणि मुरलेली माणसेही फसतात.

यावर आक्षेप येईल तोही खरा आहे. संगणक सतत अडवू लागला, तर डॉक्टर इशारे न वाचताच पुढे जातील. परदेशांतल्या रुग्णालयांच्या अभ्यासांत असेच घडताना दिसले आहे; औषध लिहिताना येणाऱ्या सूचनांपैकी बऱ्याचशा तशाच बाजूला सारल्या जातात. पण त्या सूचना कशासाठी येतात ते पाहावे. किरकोळ, पुस्तकी, प्रत्येक रुग्णाला लागू असणाऱ्या शेकडो गोष्टींसाठी त्या येतात. गिट दर ओळीला अडवत नाही. दोघांनी एकाच जागी हात घातला असेल तिथेच ते थांबते, दोघांचे म्हणणे पुढ्यात ठेवते आणि स्वतःचे मत देत नाही. औषधांच्या यादीसाठी एवढाच संयम पुरे आहे: एकाच औषधाचे दोन डोस, एकाच घटकाची दोन नावे, आणि आधी असून आता नसलेले औषध. दहा गोळ्यांच्या यादीत असे थांबे दोन-तीनच येतील.

उरतो प्रश्न, सोडवायचे कुणी? लिनक्सच्या मार्गदर्शक सूचनांत याबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. तिथे अपेक्षा अशी, की काम पाठवणाऱ्याने भांडण परस्पर दडपू नये. कुठे अडणार आहे आणि आपण ते कसे सोडवले असते, हे सोबत लिहून टॉरवाल्ड्स यांच्याकडे पाठवावे, कारण सगळीकडचे बदल त्यांना दिसत असतात. आपल्याकडे सगळीकडचे बदल दिसतील असा माणूस राहिलेला नाही. फॅमिली डॉक्टर असेल तर तो, नसेल तर नेहमीचा फिजिशियन, आणि कुणीच नसेल तर ते काम बंगळुरूहून फोनवर बोलणाऱ्या मुलीवर पडते. तिने एक मात्र करू नये: दोन कागद जुळत नाहीत म्हणून मधुमेह, हृदय, फिट किंवा स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. काही गोळ्या एकदम थांबवणे हे त्या चालू ठेवण्यापेक्षा घातक ठरते. ऑपरेशनपूर्वीच्या शेवटच्या दिवशी आई नेमक्या कोणत्या गोळ्या घेत होती, त्यांची तारीख घातलेली यादी आणि पाकिटांचे फोटो तिने जपून ठेवावेत. तीच ती तिसरी प्रत.

पण हे काम घरच्यांवर टाकून सुटण्यासारखे नाही. डिस्चार्ज कार्डाची सुरुवात कोऱ्या कागदाने न करता भरतीच्या वेळच्या यादीने करावी आणि प्रत्येक औषधापुढे चालू, बंद किंवा बदल यांपैकी एक शब्द आणि कारण लिहिणे सक्तीचे करावे. याला नवे यंत्र लागत नाही. छापील कार्डावर तीन रकाने लागतात. ते भरायला माणूस मात्र लागेल, आणि रात्री दोनच्या निवासी डॉक्टरवर हेही लादणे म्हणजे रकाने रिकामे राहण्याची तजवीज करणे. माणूस उपलब्ध आहे. फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम देशात 2008मध्ये सुरू झाला. त्यातले अखेरचे वर्ष रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे असते. फार्मसी प्रॅक्टिस नियमावली 2015मध्ये आली. रुग्णाच्या आधीच्या नोंदी पाहून त्याच्याशी औषधांबद्दल बोलणे हे फार्मसिस्टचे काम असल्याचे तीत नमूद आहे. तरी बहुतेक सरकारी रुग्णालयांत फार्मसिस्ट खिडकीआड बसून गोळ्या मोजतो आणि फार्म.डी. झालेली मुले औषध कंपन्यांकडे किंवा परदेशाची वाट धरतात. त्यांच्यासाठी वॉर्डात पदे निर्माण करावीत, आणि सुरुवात मेडिसिनच्या नव्हे, हाडांच्या वॉर्डापासून करावी: तिथले रुग्ण वयस्क, गोळ्या पुष्कळ, आणि ऑपरेशन करणाऱ्याचे लक्ष साहजिकच गुडघ्यावर.